दूध उतू जाईपर्यंत

आकाशातून पडलेला तो पिंप
आमच्या यर्टपासून दोन हाकांवर होता,
बाहेरून जळका, आतून काळा,
बुडाशी रशियन आकडे, अर्धे खरवडलेले.
त्यात शिरू नका, विष असतं, आईनं बजावलं.
उन्हाळाभर आम्ही शिरलो.

बाउरझान कप्तान. तो बारा वर्षांचा, मी नऊ.
माझ्याकडे वेळेचं खातं.
"यानात वेळ चुकली की माणूस चुकतो," म्हणाला
आणि काकाचं घड्याळ हातात ठेवलं,
ज्याचे काटे चार वाजून दहा मिनिटांवर
केव्हाच बसकण मारून होते.

पत्र्याला एक भोक होतं.
त्यातून उन्हाची काठी आत यायची,
मी ती सरकताना बघून ठेवायची.
दुसऱ्याच दिवशी त्यानं भोकात पायमोजा कोंबला.
"चंद्राच्या पुढे दिवस नसतो, कुनसुलू."
माझ्या नावातच सूर्य आहे,
हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

मग मी पत्र्याला कान लावला.
शिंगरू सोडल्याचे खूर.
शिंगरू लावल्याशिवाय घोडी पान्हावत नाही.
मग रिकाम्या बादलीत पहिली धार,
मग भरत्या बादलीतला जाड आवाज.
दिवसातून सहा वेळा आई धार काढायची,
सहा वेळा मी खिळ्यानं पत्र्यावर रेघ ओढायची.

आमच्याकडे वेळ अशीच सांगतात म्हाताऱ्या:
दूध उकळेपर्यंत,
घोडी पिळून होईपर्यंत,
मटण शिजेपर्यंत.
चंद्र जवळ, दूध उतू जाईपर्यंत आलाच.
मंगळाला मटण हाडापासून सुटावं लागतं.
शनीचा हिशेब आम्ही भांडत भांडत केला.
नेपच्यूनच्या वाटेवर घोड्या आटल्या,
खातं तिथेच थांबलं.

त्याआधी एकदा विचारलं होतं,
"आणि घरचे?"
"ते म्हातारे होतात. आपण नाही. वेग आहे ना."
"आईपण?"
तो तोंडानं इंजिनाचा आवाज काढत राहिला.
मी पायमोजा उपसला, डोळा लावला.
आई होती. घोडीच्या पोटाला कपाळ टेकून,
सकाळचाच निळा रुमाल.
कप्तानानं नोंद केली, यानाला गळती,
आणि माझी एक दिवसाची हवा कापली.

सप्टेंबरात तो कारागांदाला गेला,
आधी वसतिगृह, मग कोळशाची खाण.
फोनवर खोकायचा, बोलायचा कमी.
एकदाच म्हणाला,
"खाली दिवस नसतो, कुनसुलू,"
आणि दोघंही गप्प राहिलो,
पैसे संपेपर्यंत.

भंगारवाला ट्रक घेऊन आला त्या वर्षी
पिंप किलोवर गेला.
मी हातभर पत्रा तेवढा कापून मागितला.
"रेघोट्यांचा?" तो हसला. वजनातून वजा केला.

अकरा वर्षांनी बाउरझान आला.
पापण्यांच्या मुळाशी कोळसा,
धुऊन न निघणारा.
दारातच उभा राहून त्यानं आईकडे पाहिलं,
एक डोळा किंचित मिटून,
जसं मी भोकातून पाहिलं होतं.
ती वाकली होती. रुमाल करडा.
"वाळलास," ती म्हणाली,
आणि शिंगरू सोडायला गेली.

मी बाहेरच्या चुलीवर दूध ठेवलं.
वाऱ्याला आडोसा म्हणून तोच पत्रा.
त्यानं ओळखायला वेळ घेतला.
मग उकिडवा बसून
काजळीखालच्या रेघा बोटानं मोजू लागला.
चारशे बाराला चुकला,
पुन्हा पहिल्यापासून.
मी हात धरला नाही.

दूध वर आलं, कडेवर थबकलं,
फस्सकन आगीत गेलं.
"चंद्र," तो म्हणाला. वर न बघता.

तिकडून आई ओरडत होती,
दोन घोडे मेले माझ्या घरात,
एकाला साधं दूध बघता येत नाही.